हाक मारली की चार पावलांवर येऊन थांबतो

पावसाळा संपून टेकड्या आणि मैदानं मोकळी झाली की दरवर्षी ह्या सदराकडे एकाच विषयाची पत्रं यायला लागतात, कुत्रा सोडला की बोलावल्यावर परत येत नाही. ह्या वेळी इतकी आलीत की गोचीड, केस गळणं, फटाक्यांची भीती हे सगळं पुढच्या अंकासाठी ठेवलंय. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देते, बाकीच्यांनीही आधी तेच वाचा कारण मूळ गोष्ट तिथेच आहे.

प्रश्न : नमस्कार ताई, आमचा बंड्या नऊ महिन्यांचा आहे, देशी आहे, दोन महिन्यांचा असताना पार्किंगमधून उचलून आणला. चार महिन्यांचा होता तेव्हा नुसतं बंड्या म्हटलं की पायात यायचा, आम्हाला वाटलं हा शिकला. आता सकाळी टेकडीवर सोडतो, तासभर मजेत हुंदडतो, आणि निघायच्या वेळेला हाक मारली की येतो, अगदी चार पावलांवर येतो, थांबतो, बघतो आणि पुन्हा पळतो. मी पुढे गेलो की तो मागे. परवा पाऊण तास गेला, ऑफिसला उशीर झाला, शेवटी सापडला तेव्हा रागात दोन फटके दिले, नंतर फार वाईट वाटलं. एक मित्र म्हणतो नसबंदी करून टाक शांत होईल, दुसरा म्हणतो शॉक देणारा पट्टा मागव. काय करू?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : दादा, "चार पावलांवर येतो, थांबतो, बघतो" हे तुम्ही लिहिलंत ना, सगळं उत्तर त्यातच आहे. हाक त्याला ऐकू येते, कळते, आणि तो येतोसुद्धा. फक्त शेवटची चार पावलं येत नाही, कारण त्या चार पावलांत काय होतं ते त्याला पाठ झालंय. उद्या तो थांबला की त्याची नजर कुठे आहे ते बघा, तुमच्या चेहऱ्यावर नसेल, हातातल्या साखळीवर असेल. हूक कट्‌ करून लागतो, टेकडी संपते, घरी येतो, तुम्ही ऑफिसला निघून जाता आणि तो संध्याकाळपर्यंत एकटा. रोज सकाळी तासाभरात तुम्ही त्याला एकदाच बोलावता आणि ते मजा संपवायलाच बोलावता. मग त्याच्या लेखी "बंड्या, ये" चा अर्थ "चल, संपलं" असाच होणार. त्यात परवाचे फटके. तुम्ही मारलंत ते पळून गेल्याबद्दल, त्याने मार खाल्ला तो जवळ आल्याबद्दल. कुत्रा पाऊण तास मागचा हिशोब लावत नाही, आत्ता काय केलं आणि आत्ता काय झालं एवढंच जोडतो. त्यामुळे कितीही उशिरा येऊ दे, चिखलात लोळून येऊ दे, शेजाऱ्याची चप्पल तोंडात घेऊन येऊ दे, आला की त्याचं कौतुकच झालं पाहिजे. ह्याला अपवाद नाही.

हे मी कळवळून लिहितेय त्याला कारण आहे. माझी पहिली कुत्री चिंगी, तिलाही मी असंच बोलवायचे, आंघोळ घालायची असली की बोलवायचे, कान साफ करायचे असले की बोलवायचे, ग्राउंडवरून निघताना बोलवायचे. दहा महिन्यांची असताना एका संध्याकाळी फाटक उघडं राहिलं आणि ती रस्त्याच्या पलीकडे गेली, मी इकडून हाक मारली, ती निघालीसुद्धा माझ्याकडे, अर्ध्या रस्त्यात आली आणि माझ्या हातात साखळी दिसली तशी थबकली. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला पण मागचा पाय गेलाच. पायात रॉड घातला, पुढे अकरा वर्षं जगली, लंगडत. तिची त्यात काहीच चूक नव्हती, थबकायला मीच शिकवलं होतं.

आता वयाचं सांगते. चार महिन्यांचं पिल्लू पायात येतं ते शिकलंय म्हणून नाही, ते एकटं राहायला घाबरतं म्हणून. साधारण सहा महिन्यांपासून पुढे वर्ष दीड वर्षापर्यंत कुत्र्याचं अडनिडं वय असतं, जग मोठं होतं, वास गोड लागायला लागतात, आणि घरच्यांचं ऐकणं मागे पडतं. हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही, न्यूकॅसल युनिव्हर्सिटीच्या लूसी ॲशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाइड डॉग, म्हणजे अंधांना वाट दाखवणारे कुत्रे, होणाऱ्या पिल्लांवर अभ्यास केला होता, २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. पाच महिन्यांचे असताना जे "बस" म्हटल्यावर सांभाळणाऱ्याचं नीट ऐकायचे तेच आठ महिन्यांचे झाल्यावर सांभाळणाऱ्याचं ऐकायला टाळाटाळ करायला लागले, अनोळखी माणसाचं मात्र ऐकायचे. म्हणजे बंड्या तुमच्यावर डाफरतोय, तुम्हाला खिजवतोय असं काही नाहीये, हे वय आहे आणि ते जातं, फक्त ह्या दिवसांत पळून जाण्याची सवय पक्की होऊ द्यायची नाही.

म्हणून पहिलं काम, उद्यापासून त्याला टेकडीवर मोकळा सोडणं बंद. कठोर वाटेल, पण प्रत्येक वेळी तो पळतो आणि तुम्ही मागे धावता तेव्हा त्याचा सराव होतोय, तुमच्या विरुद्ध. दोरीच्या दुकानातून दहा ते पंधरा मीटर सुती दोरी घ्या, बोटाएवढी जाड, एका टोकाला हूक शिवून घ्या. ही दोरी गळ्यातल्या पट्ट्याला लावायची नाही, छातीच्या हार्नेसलाच लावायची, कारण पंधरा मीटर धावून झटका बसला तर मान दुखावते. दोरी जमिनीवर सरपटत राहू दे, तुम्ही शेवटचं टोक धरा किंवा त्यावर पाय ठेवा, हातात गुंडाळू नका, तळहात सोलून निघतो. बटण दाबून लांबणारे ते पट्टे येतात ते ह्यासाठी नकोत, ते सतत ओढत राहतात. ह्या दोरीने त्याला ओढून आणायचं नाहीये, फक्त पळून जाता येऊ नये एवढंच तिचं काम.

दुसरं काम, नवा शब्द. "बंड्या" हा शब्द सध्या नासलाय, शिवाय त्याचं नाव घरात दिवसभर शंभर कारणांनी घेतलं जातं. "ये" पण नको, फोनवर, दारात, मुलांना, सगळ्यांना आपण ये ये करतो. आणि मला खात्री आहे तुमच्या घरात आई म्हणते ये रे, तुम्ही म्हणता इकडे ये, मुलं म्हणतात कम, आजी म्हणतात यू यू, तो बिचारा काय समजणार. एक असा शब्द निवडा जो घरात एरवी कोणी बोलत नाही, मोठ्याने खेचून ओरडता येतो, आणि सगळ्यांना मान्य आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका कुटुंबाने "हजर" ठेवलाय, हजऽऽर अशी हाक लांबपर्यंत जाते, मला तो फार आवडला. शिट्टी चालेल, तिचा आवाज रोज एकसारखा राहतो, तुम्ही चिडलेले असलात तरी शिट्टी चिडत नाही.

आता ह्या शब्दाला अर्थ द्यायचा. पहिले तीन चार दिवस फक्त घरात, स्वयंपाकघरात, तो तुमच्यासमोरच उभा असताना. हजर म्हणा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा. काही करायला लावायचं नाही, बस नाही, शेकहँड नाही. शब्द आधी, तुकडा नंतर, हा क्रम उलटा झाला तर तो शब्दाकडे लक्षच देणार नाही, पिशवीच्या आवाजाकडे देईल. दहा वेळा केलं की बंद, दिवसातून दोन तीनदा, पाच पाच मिनिटं. चौथ्या पाचव्या दिवशी तो दुसऱ्या खोलीत असताना म्हणून बघा, नखं टकटक वाजवत धावत आला तर समजा रुजायला लागलंय. मग घरातल्या दोघांनी दोन टोकांना बसून आळीपाळीने बोलवा, मुलांना हा खेळ फार आवडतो. मग जिना, मग पार्किंग, मग रिकामं ग्राउंड दोरीसकट, आणि टेकडी सगळ्यात शेवटी, कारण तिथे मोर आहेत, दुसरी कुत्री आहेत, कोणीतरी टाकलेला वडापावचा कागद आहे. लोकं घरातून एकदम टेकडीवर उडी मारतात आणि म्हणतात शिकतच नाही. पहिलीतल्या पोराला दहावीचा पेपर दिला तर तो नापासच होणार ना.

आल्यावर काय करायचं हे ह्या सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्या चार पावलांसाठी. तो आला की तुकडा हात लांब करून देऊ नका, तुमच्या गुडघ्याशी धरा, म्हणजे त्याला पूर्ण आत यावं लागेल. एका हाताने पट्टा हलकेच धरा, दुसऱ्या हाताने तुकडा द्या, अजून एक द्या, अजून एक द्या, पंधरा वीस सेकंद एकेक करून, तोंडाने शाब्बास रे माझ्या राजा चालू ठेवा, आणि मग पट्टा सोडा आणि म्हणा "जा". हो, परत पाठवा! दहापैकी नऊ वेळा हाकेनंतर त्याला पुन्हा खेळायला जायला मिळालं पाहिजे. म्हणजे पट्ट्याला हात लागणं म्हणजे शेवट नाही, हे त्याच्या अंगात मुरेल. दहाव्या वेळी निघायचं असेल तेव्हाही हूक लावून लगेच घराकडे वळू नका, साखळी लावलेलीच ठेवून दहा मिनिटं तिथेच वास घेऊ दे, एखादा खेळ खेळा, मग निघा. मी तर निघायच्या वेळेला बोलवतच नाही, शांतपणे त्याच्याजवळ चालत जाते आणि हूक लावते.

हाक एकदाच. दोन सेकंद वाट बघा, वळला नाही तर हजर हजर हजर करत बसू नका, शब्द पातळ होतो. उलट दिशेला पळत सुटा, टाळ्या वाजवा, खाली बसा, जिभेने टकटक करा, तो वळला की कौतुक तिथूनच सुरू करा, पोचायची वाट बघू नका. आणि जिथे तुम्हाला मनातून वाटतंय की आत्ता हा येणार नाही, समोर मांजर आहे, तिथे हाक मारूच नका, दोरी धरा आणि चालत जाऊन घेऊन या. रिकामी गेलेली प्रत्येक हाक पुढच्या हाकेतून वजा होते.

आंघोळ, कान, नखं, औषध ह्यासाठी तो शब्द कधीही नाही. घरातल्या सगळ्यांना फ्रिजवर चिठ्ठी लावून सांगा.

नसबंदीबद्दल, माजावरच्या कुत्रीच्या मागे भटकणं त्याने कमी होतं, पण हाकेला यायला नसबंदी शिकवत नाही, कधी करायची ते तुमच्या पशुवैद्याशी बोलून ठरवा, ती करावी ह्या मताचीच मी आहे. शॉकच्या पट्ट्याला माझा साफ विरोध आहे. समजा तो एका लहान मुलाकडे बघत असताना झटका बसला, तर त्याच्या डोक्यात झटका आणि ते मूल जोडलं जाईल, आणि मग पुढे काय होऊ शकतं ते मी इथे लिहायला नको.

किती दिवस लागतील हे तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते, दोरीवर दोन तीन महिने धरून चाला. दोरी काढल्यावरही टेकडीवर पहाटे लोकं चालायला येतात, काही जण कुत्र्याला मनापासून घाबरतात, तेव्हा आडोशाची बंद जागा बघूनच सोडा, गळ्यात फोन नंबरचा बिल्ला असू दे, आणि जमलं तर मायक्रोचिप बसवून घ्या, तांदळाच्या दाण्याएवढी असते, स्कॅनर फिरवला की पंधरा आकडी नंबर दिसतो. मात्र त्या नंबरपुढे तुमचा फोन नोंदवलेला आहे ना हे बघा. रेबीजची लस वेळेवर हवीच, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : आमचं घर पूर्ण शाकाहारी आहे, चिकन आणता येणार नाही. बिस्किटं देऊन शिकवतोय पण लॅब (लॅब्राडॉर) आहे, जाडी वाढतेय. मनुका दिल्या तर चालतील का? घरचेच द्राक्षाचे मळे आहेत.
— एक वाचक, निफाड

उत्तर : मनुका अजिबात नको, द्राक्षंही नकोत, कुत्र्याची किडनी फेल होऊ शकते आणि कुठल्या कुत्र्याला किती द्राक्षांनी त्रास होईल ते आधी सांगता येत नाही. मळ्यात गळालेले मणी खात नाही ना ह्यावरही लक्ष ठेवा, खाल्ले असं वाटलं तर त्रास दिसायची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. चॉकलेट, कांदा, लसूण हेही नाही. पनीरचे बारीक तुकडे, उकडलेलं रताळं, गाजर, आणि घरात चालत असेल तर उकडलेलं अंडं. पनीरने काहींना जुलाब होतात, तेव्हा पहिल्या दिवशी थोडंच द्या. जाडीसाठी सोपा उपाय म्हणजे शिकवताना जे देता ते त्याच्या रोजच्या जेवणातून वजा करायचं. लॅब आहे, त्याला त्याच्या ताटातलेच दाणे हातातून मिळाले तरी घरात तो आनंदाने येईल, पनीर बाहेरच्यासाठी राखून ठेवा.

प्रश्न : वस्तीवर राहतो, ऊस आहे, बिबट्या फिरतो. आमचा वर्षाचा कुत्रा दिवसभर मोकळा असतो पण अंधार पडला तरी घरी येत नाही, हाका मारून घसा बसतो. आल्यावर बांधून ठेवतो म्हणून येत नाही का?
— एक शेतकरी, जुन्नर तालुका

उत्तर : हो दादा, म्हणूनच. आणि तुमची काळजी अगदी खरी आहे. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय खातो ह्याचा अभ्यास केला होता, त्यात वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. तेव्हा अंधारात मोकळा कुत्रा नकोच, आणि अंगणात साखळीला बांधलेला तर त्याहून नको, त्याला पळताही येत नाही. जाळी मारलेली, वरून बंद, दार लागणारी खोली किंवा शेड लागेल.

त्याचं मुख्य जेवण सकाळी देत असाल तर ते संध्याकाळी आणा, दिवेलागणीच्या अर्धा तास आधी, उजेड असताना. आधी शिट्टी, मग ताट वाजवायचं, मग जेवण, आणि हे जेवण शेडच्या आतच. पहिले आठ दहा दिवस जेवल्यावर दार लावू नका, तो खाऊन बाहेर आला तरी येऊ द्या, पुन्हा शिट्टी, पुन्हा आत भाकरीचा तुकडा. त्या दिवसांपुरतं घरातल्या एकाने अंधार पडायच्या आत लांब दोरीने त्याला जवळ ठेवायचं म्हणजे तो उसात शिरणार नाही. नंतर दार लावायला लागा, आणि लावताना आत चघळायला काहीतरी असू द्या. सकाळी उशिरापर्यंत कोंडून ठेवू नका, उजाडलं की सोडा. शिट्टी गळ्यातच अडकवून ठेवा, वहिनींना आणि मुलांनाही एकेक द्या, सगळ्यांच्या एकाच बनावटीच्या.

प्रश्न : कारवानी जातीची कुत्री आहे, चौदा महिन्यांची. घरात इतकी आज्ञाधारक की विचारू नका, पण माळावर ससा उठला की गेली, मग जगबुडी झाली तरी वळत नाही. माझं काही चुकतंय का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमचं फारसं काही चुकत नाहीये. कारवानी काय, मुधोळ काय, ही नजरेने शिकार करणारी कुत्री आहेत, पिढ्यानपिढ्या ह्याच कामासाठी निवडलेली, समोर पळणारं जनावर दिसलं की तिला मागचा आवाज उरतच नाही. वरचं सगळं शिकवा, फायदा होईलच, विशेषतः ससा उठायच्या आधीच्या एका क्षणात, कान टवकारले आणि अंग ताठ झालं की तेव्हाच हाक मारायची, धाव सुटल्यावर नाही. पण उघड्या माळावर तिला मोकळी सोडू नका हेच माझं प्रामाणिक मत आहे. ससा, हरीण ह्यांच्यावर कुत्री सोडणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि त्या वेगात तारेच्या कुंपणात शिरलेली कारवानी मी पाहिली आहे, छातीपासून पोटापर्यंत फाटली होती. कुणाचं कुंपण घातलेलं प्लॉट किंवा भिंतीतली शाळेची पटांगणं सुट्टीत परवानगी घेऊन मिळतात का बघा, आठवड्यातून दोनदा तिथे मनसोक्त पळू द्या, बाकी दिवस लांब दोरी.

प्रश्न : रस्त्यावरची मोठी कुत्री दत्तक घेतलीय, तीन एक वर्षांची असेल. कोणीही हाक मारली की पलंगाखाली जाते. माझ्या सासूबाई रोज प्रेमाने यू यू करतात, त्यांना फार वाईट वाटतं.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तिने आयुष्यभर हाड हाड ऐकलंय हो, आणि यू यू ऐकलं असेल तर त्यानंतर कधी पोळी मिळाली असेल कधी दगड. सध्या तिला बोलावणंच बंद करा, सगळ्यांनी. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी आजींनी जमिनीजवळ पाटावर बसावं, पलंगाकडे पाठ किंवा कूस करून, तिच्याकडे न बघता, आणि हळू आवाजात एकदाच यू यू म्हणून पोळीचा तुपात बुडवलेला तुकडा आपल्यापासून हातभर लांब ठेवावा. ती आली तर हात लावायचा नाही, नाही आली तर तुकडा तिथेच ठेवून आजींनी उठून आत जायचं. रोज तीच वेळ, तोच पाट. ती आजींच्या समोर बसून खायला लागली की तुकडा चार बोटं जवळ.